हात लावू नये

काउंटरवरच्या मुलीनं यंत्रातून निघालेलं कार्ड पट्ट्याला अडकवलं, उलटसुलट करून पाहिलं आणि बाबांच्या पुढे धरलं. नावाखाली एकच ओळ होती: वक्त्याचे कुटुंबीय.

"तुम्ही स्वतः प्रोग्रॅमर असाल तर दुसरं छापून देते, काका. त्याचा रंग वेगळा असतो."

"होतो," बाबा म्हणाले. "हेच बरंय."

पट्टा गळ्यात घालताना चष्म्याच्या काडीत अडकला. मागे रांग वाढत होती. पाठीवर सॅक, हातात कॉफीचे कागदी पेले, वयं पंचविसाच्या आसपास. कुणी हसलं नाही, कुणी घाईही केली नाही. घर बदलताना काचेच्या कपाटाशी माणसं वागतात तसं हे सगळे आपल्याशी वागताहेत, असं बाबांना वाटलं आणि त्यांचा थोडा विरस झाला.

निघताना ठकूच्या आईनं दारातच बजावलं होतं, "तिथं जाऊन मिठाची गुळणी धरून बसू नका. पोरीनं आपणहून बोलावलंय, दोन शब्द बोला तिच्याशी." तिचे गुडघे धरलेले, तासन्‌तास खुर्चीत बसवत नव्हतं, म्हणून ती आली नव्हती. पोचल्यावर फोन करा म्हणाली होती, तसा त्यांनी केला. दहाव्या घंटीला तिनं उचलला. फोन फ्रिजवर आणि ती घरभर, त्यामुळे दहा घंट्या हा तिचा नेमच होता.

"पोचलो," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

चौतीस वर्षांच्या संसारात फोनवरचं बोलणं यापलीकडे फारसं गेलेलं नव्हतं.

मोठ्या हॉलमध्ये सकाळचं मुख्य भाषण सुरू झालं. कंपनीचा प्रमुख साध्या सदऱ्यात मंचावर आला आणि एकेक नवी वस्तू दाखवू लागला. समोरच्याचं बोलणं काचेवर लिहून दाखवणारा चष्मा. तोंडी सांगितलं की प्रोग्रॅम लिहून देणारा मदतनीस. प्रत्येक वस्तूला टाळ्या पडत होत्या. बाबांना त्यातलं बरंचसं कळत होतं आणि आपल्याला कळतंय याचं थोडं समाधानही होतं. मग मागचा मोठा पडदा काळा झाला.

"एकतीस वर्षं इमानेइतबारे राबलेल्या हमालाला," प्रमुख म्हणाला, "आज आपण निरोप देतो आहोत. त्याच्या जागी येते आहे झेप."

सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबांनीही वाजवल्या. न वाजवून काय करणार?

हमाल नावाचा तो प्रोग्रॅम बाबांनी लिहिला होता. तेव्हा ही कंपनी नव्हती, एका जिन्याच्या वर चार खोल्यांचं ऑफिस होतं. पुढे मोठ्या माशानं छोटा मासा गिळला आणि हमालही पोटात गेला. त्याचं काम नावासारखंच. एका यंत्राचा निरोप उचलायचा, दुसऱ्या यंत्राकडे नेऊन टाकायचा, पोच घ्यायची. पोच आली नाही तर थोडं थांबायचं, आणि तेवढ्यातही आली नाही तर समोरचं यंत्र मेलं असं धरून दुसरा रस्ता पकडायचा. दवाखाने, बँका, आगगाड्यांची तिकिटं, कुठेकुठे तो ओझी वाहत होता याचा पत्ता खुद्द बाबांनाही नव्हता. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांना घड्याळ मिळालं. हमाल राबतच राहिला.

हमालाची ख्याती मात्र त्याच्या राबण्यामुळे नव्हती, एका आकड्यामुळे होती. पोचेसाठी किती थांबायचं? सेकंदाचे हजार भाग केले तर तसले सोळाशे चाळीस भाग. दीड हजार नाही, दोन हजार नाही, सोळाशे चाळीस. आणि त्या आकड्याच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानं टीप ठेवली होती: हात लावू नये.

लिहू नये ते लिहिलं की माणसं अर्थ काढतात. नव्यानं नोकरीला लागलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जाई की बाबांनो, वाटेल ते करा, सोळाशे चाळीसला बोट लावू नका. एका विद्वानानं बारा पानी निबंध लिहून सिद्ध केलं होतं की त्या काळच्या टेलिफोन तारांची लांबी आणि विजेचा वेग यांचा मेळ घातला तर उत्तर बरोबर सोळाशे चाळीसच येतं. बाबांनी तो निबंध वाचला होता. दोनदा वाचला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प राहिले होते.

खरी गोष्ट एवढीच होती की त्यात तारही नव्हती आणि वीजही नव्हती.

ठकू दोन महिने आधी जन्मली. सतराशे ग्रॅम. लाकडी ठकीएवढी दिसते म्हणून नर्सनंच हे नाव पाडलं आणि ते कायमचं चिकटलं. काचेच्या पेटीत ठेवल्यावर तिचं वजन रोज थोडं थोडं उतरत गेलं. चौथ्या दिवशी सोळाशे वीस झालं. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "आजही उतरलं तर मला काही सांगता येणार नाही. आज थांबा इथे."

बाबा थांबले नाहीत. ऑफिसात अर्जंट काम आहे असं बायकोला सांगून ते निघाले. काम काही नव्हतं, साहेबांनी आठवडाभराची रजा दिली होती. त्यांना त्या काचेसमोर उभंच राहवेना, एवढीच गोष्ट. ठकूची आई टाक्यांनिशी उठून, एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं पेटी धरून उभी होती. तिनं "या" म्हटलं आणि परत काचेकडे पाहू लागली.

दुपारभर ते ऑफिसात हमालासमोर बसून होते. दर तासाला वॉर्डात फोन लावायचे आणि बायको उचलेल या भीतीनं, पलीकडे नर्सचा आवाज नसला तर ठेवून द्यायचे. चार वाजता नर्सनं उचलला. म्हणाली, "एक हजार सहाशे चाळीस. वीस वाढलंय हो. वाढलंय." बाबांनी आकडा टिपायला कागद शोधला, मिळाला नाही. पडद्यावर किती थांबायचं याची रिकामी जागा तीन आठवडे त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी बोटं फिरतील तसा तिथेच आकडा लिहिला. आणि त्याच्या वर लिहिलं, हात लावू नये.

पोर घरी आली की काढू, असं ठरवलं होतं. तेविसाव्या दिवशी ती घरी आली. मग वाटलं, पहिला वाढदिवस होऊ दे. मग शाळेत जाऊ दे. गोवर उठून गेला, हात मोडून जुळला, परीक्षा झाल्या. एरवी बाबा कुठल्याही अंधश्रद्धेला भीक घालणारे नव्हते. पण तो आकडा बदलायला म्हणून ते फाईल उघडायचे आणि पाहून बंद करायचे. बायकोनं त्या दिवसाबद्दल एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. ती भांडली असती तर कदाचित त्यांनी सांगूनही टाकलं असतं.

आठ महिन्यांपूर्वी ठकूचा फोन आला होता. ती याच कंपनीत, हमालाच्या जागी नवं काहीतरी बांधणाऱ्या गटाची प्रमुख झाली होती.

"बाबा, ते सोळाशे चाळीस कुठून आणलंत?"

"हिशेब करूनच टाकलंय," बाबा बोलून गेले.

"कागद आहे का हिशेबाचा?"

"सापडेल."

त्यांनी कपाट उघडून दोन फायली खाली-वर केल्या, आपल्याच समाधानासाठी. पुढच्या फोनला तिनं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या फोनलाही विचारलं. मग विचारायचं बंद केलं. गेल्या आठवड्यात या परिषदेचा पास आला, सोबत तिची ओळ: बाबा, या.

ठकूचं भाषण चार नंबरच्या हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीच्या आधी होतं. बाबा तिसऱ्या रांगेत कडेला बसले. शेजारी दाढीवाला एक तरुण होता. त्यानं त्यांच्यापुढे गोळ्यांची पुडी धरली.

"तुम्ही पण हमालवाले का, काका?"

"थोडंफार."

"मी पहिल्या नोकरीत सोळाशे चाळीसचं सोळाशे पन्नास केलं होतं. गंमत म्हणून. साहेबानं असा झापला, वाटलं आता पोलिसांतच देतो."

ठकू मंचावर आली. निळा सदरा, केस मागे बांधलेले, पायात पांढरे बूट. बोलायला लागण्याआधी तिनं माइकवर बोट आपटून पाहिलं. आईसारखी भुवई वर करून सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. ती तिसऱ्या रांगेपर्यंत आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

ती छान बोलली. बाबांना माहीत नव्हतं की ही इतकं छान बोलते. झेप कशी चालते, निरोप कमी वेळात कसे जातात, सगळं उलगडून सांगितलं. मग पडद्यावर जुनी फाईल आली आणि हॉलमध्ये खसखस पिकली. दोन पुरुष उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: हात लावू नये.

"आम्ही चार महिने मोजमाप केलं," ठकू म्हणाली. "पुष्कळ जण सांगतात की या आकड्यामागे मोठं गणित आहे. मीही तसंच सांगत होते." ती किंचित थांबली. "गणित नाही. बाराशे पुरतात. ज्यानं कुणी हे लिहिलं, त्यानं आपल्या सगळ्यांना दर वेळी चारशे चाळीस जास्त थांबवून ठेवलं. एकतीस वर्षं. जगातली यंत्रं मिळून रोज चाळीस-एक तास थांबतात. कारण नसताना."

हशा उसळला.

"अंदाजपंचे दाहोदरसे!" शेजारचा तरुण मांडीवर थाप मारून म्हणाला. "आणि आम्ही त्याला देव्हाऱ्यात बसवलं होतं."

बाबांना 'ज्यानं कुणी' हे शब्द लागले. पण ते लागणं जिरायच्या आतच ठकू म्हणाली, "तर आज हात लावूया." आणि तिनं कळफलकाकडे बोट नेलं.

आधी शून्य गेलं. मग चार. बाबा पडद्याकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सहा गेला. एक गेला. आकड्याच्या जागी रेघ लुकलुकत राहिली आणि नेमका त्याच वेळी ठकूला ठसका लागला. साधाच ठसका, घसा कोरडा पडल्याचा. ती वळून पाण्याची बाटली शोधू लागली. बाबा उठून उभे राहिले होते.

"काका, बसता का? दिसत नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं.

ठकू पाणी प्यायली, तिनं बाराशे लिहिलं, कळ दाबली. पडद्यावर निरोप भराभर धावू लागले. बाबा खाली बसले.

भाषण संपल्यावर तिच्याभोवती वीसेक जणांचा घोळका पडला. बाबा बाहेरच्या बोळात जाऊन उभे राहिले, जिथे जादा खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. खिडकीतून खालचं वाहनतळ दिसत होतं. जेवणाच्या हॉलकडे जाणारी गर्दी पातळ होत आली तेव्हा ती आली. कानामागचा माइक काढून तिनं हातात धरला होता.

"राग आलाय?"

"नाही."

"आधी सांगायचं होतं तुम्हाला. परवानगी नव्हती. घोषणेच्या आधी घरच्यांनाही नाही."

"ते मला माहीत आहे. मीही तिथेच नोकरी केलीय."

ती खिडकीला टेकली. "मला आला होता राग. तुम्ही हिशेब आहे म्हणालात. मी भर बैठकीत सांगितलं, हिशेब आहे, मला खात्रीनं माहीत आहे. दोन महिने सगळ्यांशी भांडले त्या आकड्यासाठी. मग मोजमाप आलं आणि तोंडघशी पडले. अंदाजानं टाकला होता एवढं म्हणायला काय जात होतं, बाबा? आम्ही रोज टाकतो अंदाजानं."

"अंदाजानं नव्हता टाकला."

"पुरे ना आता. मोजलंय आम्ही."

"वजन होतं ते," बाबा म्हणाले.

"कशाचं?"

"तुझं. ग्रॅममध्ये."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग लहानपणी गणित पडताळून पाहायची तशी तिची नजर थोडी वर गेली. "आई तर सतराशे सांगते."

"सतराशे जन्मल्यावर. मग उतरत गेलं. त्या दिवशी पहिल्यांदा वीस वाढलं. नर्सनं फोनवर सांगितलं, कागद नव्हता, म्हणून..."

"फोनवर?"

दुसऱ्याच्या कामातली चूक तिला नेहमीच पहिल्या फटक्यात दिसायची. बाबांना तिच्या त्या गुणाचा एरवी अभिमान होता.

"मी ऑफिसात होतो," ते म्हणाले. आता सुरू झालंच होतं तर थांबण्यात अर्थ नव्हता. "डॉक्टर म्हणाले होते, आज काही सांगता येत नाही. आज थांबा. मी पळालो. काम नव्हतं ऑफिसात. मला बघवत नव्हतं म्हणून पळालो. तिथून दर तासाला वॉर्डात फोन लावत होतो."

"आणि आई?"

"ती होती. उभी होती तिथेच. टाके ओले होते तिचे."

खुर्च्यांच्या चळतीत कुठेतरी लोखंड करकरलं. ठकू माइकची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"तुम्ही थांबायला हवं होतं, बाबा."

"हो."

"आईजवळ."

"हो."

तिच्या गटातली एक मुलगी बोळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "येतेस ना? टेबल धरलंय." ठकूनं हातानंच पुढे हो अशी खूण केली.

"आणि ती टीप?" तिनं विचारलं. "हात लावू नये?"

"तू घरी आलीस की काढणार होतो. धीर झाला नाही. वाटायचं, काढला आणि..." पुढचं त्यांना बोलवेना. "हसशील तू."

ती हसली नाही. "चारशे चाळीस," ती स्वतःशीच म्हणाली. "मी त्या सगळ्यांना हसवलं त्याच्यावर."

"बरोबरच होतं तुझं. चुकीचाच होता तो आकडा. परत घालू नकोस."

"नाही घालणार." तिनं नाक ओढलं. मग खिडकीपासून सुटून ती बोळाच्या मधोमध, त्यांच्यासमोर उभी राहिली. नवा फ्रॉक घातल्यावर उभी राहायची तशी, दोन्ही हात जरासे बाजूला धरून. "काढलाय मी तो आज. स्वतःच्या हातानं. बघा. आहे की मी."

बाबांनी पाहिलं. कपाळापासून पांढऱ्या बुटांपर्यंत सावकाश, काहीही न चुकवता पाहिलं. असं त्यांनी तिला त्या पाच दिवसांत पाहायला हवं होतं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चल."

ती दोन पावलं चालली आणि वळली. "आईला माहीत आहे, तुम्ही फोन करत होतात ते? दर तासाला?"

बाबांनी नाही अशी मान हलवली. "तिला वाटतं, मी कामाला गेलो."

"एकतीस वर्षं तिला असंच वाटतंय?"

ठकूनं हात पुढे केला. बाबांनी खिशातून फोन काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं नंबर लावला, त्यांच्या हातात परत दिला, "मी दोघांची ताटं वाढून घेते," म्हणाली आणि जेवणाच्या हॉलकडे निघून गेली.

बाबा फोन कानाला धरून खुर्च्यांपाशी उभे राहिले. पलीकडे घंटी वाजत होती. चार झाल्या, पाच झाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही.